उंदराचा तळपाय : कुष्ठरोग आणि प्राण्यांवरील प्रयोग

अचलपूर आणि परतवाडा ही अमरावती जिल्ह्यातील जुळी शहरे. त्यांच्या लगत कोठारा येथे मिशनचे कुष्ठरोग रुग्णालय आहे. त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. तेथून पन्नासेक किलोमीटरवर अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभारले. त्याच्या दहा वर्षे आधी मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले होते. पुढे बाबा आमट्यांनी वरोड्याजवळ आनंदवन वसवले. वऱ्हाड आणि त्याच्या शेजारचे जिल्हे यांना कुष्ठरोग, जुन्या भाषेत महारोग किंवा रक्तपिती, किती जवळून ठाऊक होता याची ही यादीच साक्ष देते.

या संस्थांचा सेवेचा इतिहास आपल्याला थोडाफार माहीत असतो. त्याच रोगाचा दुसरा एक इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही. तो प्रयोगशाळेतला आहे. त्यात ससे आहेत, उंदीर आहेत, आर्माडिलो नावाचा एक चमत्कारिक प्राणी आहे आणि ज्यांना प्रयोगासाठी वापरले गेले अशी माणसेही आहेत.

हा इतिहास आज सांगण्याचे कारण वर्गातला एक नेहमीचा प्रश्न. ‘आपल्या औषधांसाठी मुक्या प्राण्यांना का मारायचे?’ असे एखादी विद्यार्थिनी विचारते. त्यावर दोन तयार उत्तरे असतात. एक म्हणते, माणसाचा जीव महत्त्वाचा, तेव्हा प्रयोग चालूच राहणार. दुसरे म्हणते, प्राण्यांवरचा प्रत्येक प्रयोग क्रूर आणि निरुपयोगी आहे. दोन्ही उत्तरे विचार थांबवतात. त्यापेक्षा एकच रोग घ्यावा आणि त्याच्या इतिहासात प्राण्यांनी नेमके काय काम केले ते तपासावे, असे आम्हाला वाटते.

काचेत न वाढणारा जंतू

नॉर्वेतील बर्गेन या बंदराच्या गावी १८७३ साली आरमौर हॅन्सन या डॉक्टराला कुष्ठरुग्णांच्या गाठींमध्ये काडीसारखे जंतू दिसले. एखादा जंतू माणसाच्या जुनाट रोगाला कारणीभूत असावा, असे दाखवणारे हे अगदी सुरुवातीचे निरीक्षण. पण जंतू दिसणे वेगळे आणि त्याच्यामुळेच रोग होतो हे सिद्ध करणे वेगळे. नऊ वर्षांनी रॉबर्ट कॉखने क्षयाच्या जंतूबाबत ते सिद्ध केले. त्याने जंतू काचपात्रात वाढवले, ते गिनीपिगला टोचले, गिनीपिगला क्षय झाला आणि त्याच्या शरीरातून तेच जंतू पुन्हा मिळाले.

कुष्ठरोगात यातले काहीच जमेना. हॅन्सनने सशांना जंतू टोचले, पण ससे ठणठणीत राहिले. कृत्रिम पोषकद्रव्यात जंतू वाढेनात. ते आजही वाढत नाहीत. त्याचे एक कारण २००१ साली कळले. त्या वर्षी या जंतूचा संपूर्ण जनुकक्रम प्रसिद्ध झाला. त्याची हजाराहून अधिक जनुके उत्क्रांतीच्या ओघात मोडून निकामी झालेली आहेत. स्वतःच्या बळावर जगण्याची सामग्रीच त्याने गमावली आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या जिवंत पेशींवाचून त्याचे चालत नाही. शिवाय त्याची चाल कमालीची संथ. आपल्या आतड्यातले काही जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. कुष्ठरोगाच्या जंतूला त्यासाठी बारा ते चौदा दिवस लागतात. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत अनेक वर्षे जातात.

जंतू काचेत वाढत नाही आणि प्राण्यात रुजत नाही, अशा वेळी शास्त्रज्ञ काय करणार?

प्राणी नव्हता, तेव्हा

याचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. प्राणी नव्हता तेव्हा माणूस वापरला गेला.

हॅन्सनचा वडीलधारा सहकारी आणि सासरा डॅनियलसन याने रुग्णांच्या गाठींतील द्रव्य स्वतःला आणि आपल्या सहकाऱ्यांना टोचून पाहिले होते. कोणालाही रोग झाला नाही. पुढे १८७९ च्या नोव्हेंबरात हॅन्सनने आपल्या रुग्णालयातील एका स्त्रीच्या डोळ्यात दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतील द्रव्य शस्त्राच्या टोकाने टोचले. तिला कुष्ठरोगाचा एक प्रकार आधीच होता. दुसरा, गाठींचा प्रकार तिच्यात उत्पन्न होतो का, हे त्याला पाहायचे होते. त्याने तिला विचारले नव्हते. तिने तक्रार केली, प्रकरण न्यायालयात गेले आणि १८८० मध्ये हॅन्सनला त्या रुग्णालयातील वैद्याचे पद गमवावे लागले. इतका मोठा संशोधक, पण न्यायालयाने रुग्णालयातल्या एका गरीब स्त्रीची बाजू घेतली. संमतीच्या इतिहासातला हा एक जुना आणि महत्त्वाचा निकाल आहे.

दुसरी घटना हवाई बेटांवरची. कियानू नावाच्या कैद्याला खुनाबद्दल देहदंड झाला होता. कुष्ठरोगाची लस टोचून घेतलीस तर फाशी टळेल, असे त्याला सांगण्यात आले. एडुआर्ट आर्निंग या जर्मन डॉक्टरने १८८४ साली त्याच्या हातावर तो प्रयोग केला. काही वर्षांत कियानूला कुष्ठरोग झाला आणि त्यातच त्याचा अंत झाला. पुढे कळले की त्याच्या नातेवाइकांतही हा रोग होता. म्हणजे टोचल्यामुळे रोग झाला की तो आधीपासूनच अंगात होता, हे ठरवता येईना. एक माणूस गेला आणि प्रयोगातून निष्पन्न काही झाले नाही. कियानूची संमती कागदावर होती. पण एका बाजूला फास आणि दुसऱ्या बाजूला सुई असताना दिलेल्या होकाराला संमती म्हणायचे का, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे जरूर ठेवावा.

तिसरी घटना आपल्या अगदी जवळची. बाबा आमटे १९४९ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घ्यायला गेले. जंतू वाढवायला प्राणी मिळत नाही म्हणून संशोधन अडले आहे, हे तेथे त्यांच्या कानावर आले. त्यांनी आपले शरीर पुढे केले आणि जंतू टोचून घेतले. रोग काही झाला नाही. त्यामागे आज माहीत असलेले एक साधे कारण आहे. बहुसंख्य माणसांमध्ये या जंतूला थोपवण्याची उपजत शक्ती असते. शेकडा पंचाण्णव लोकांना तो सहसा काहीच करू शकत नाही.

जंतू टोचण्याची कृती तिन्ही घटनांत जवळपास सारखी आहे. नैतिकदृष्ट्या मात्र त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बर्गेनच्या स्त्रीला कोणी विचारले नाही. कियानूला विचारले, पण त्याच्यापुढे खरा पर्याय नव्हता. बाबांनी धोका जाणून स्वतःहून शरीर दिले. प्रयोगाचे शास्त्र तेच असले तरी तो कोणी कोणावर केला यावरून त्याची नीती बदलते.

दुसऱ्या महायुद्धातील नाझी डॉक्टरांच्या अत्याचारांनंतर १९४७ साली न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने माणसांवरील प्रयोगांसाठी दहा नियम सांगितले. पहिला नियम स्वेच्छेच्या संमतीचा. तिसरा नियम असा की माणसावर प्रयोग करण्याआधी प्राण्यांवरील प्रयोगांचा आधार असावा. म्हणजे प्राण्यांवरील प्रयोग हे पुढे माणसाच्या संरक्षणाचेच एक साधन ठरले. त्यांच्यावर टीका करताना आणि त्यांची बाजू घेतानाही हा इतिहास विसरता कामा नये.

गार जागेचा शोध

कुष्ठरोगासाठी प्राणी सापडायला हॅन्सननंतर जवळजवळ नव्वद वर्षे लागली. रोग माणसाच्या शरीरात कोठे दिसतो ते आठवा. कानाच्या पाळ्या, नाक, हातापायांची कातडी आणि कातडीजवळच्या नसा, म्हणजे शरीराचे तुलनेने गार भाग. मग प्राण्याच्याही गार भागात जंतू टोचून पाहावा, असा विचार पुढे आला. अमेरिकेतील चार्ल्स शेपर्ड यांनी उंदराच्या मागच्या पायाचा तळवा निवडला आणि १९६० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाच ते दहा हजार जंतू टोचले की सहा-आठ महिन्यांत त्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास जाते. उंदीर आजारी दिसत नाही, चालतो, खातो. मुदत संपली की त्याला मारतात, तळव्याची ऊती वाटून काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजतात.

ही साधी मोजणी किती मोलाची होती ते पुढे दिसले. त्या आधी कुष्ठरोगावर कडू कवठाच्या बियांचे तेल टोचत असत. त्याचा गुण अनिश्चित आणि वेदना निश्चित. मग १९४० च्या दशकात सल्फोन औषधे आली. ती प्रथम क्षयाच्या गिनीपिगांवर तपासली गेली आणि दोन जंतू भाऊबंद आहेत म्हणून कुष्ठरुग्णांना देऊन पाहिली गेली. त्यांतले डॅप्सोन स्वस्त होते आणि गोळीच्या रूपात घेता येई. वर्ध्याला १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने डॉ. वारदेकरांच्या मार्गदर्शनाखाली गावोगाव फिरून रुग्ण शोधणे, लोकशिक्षण आणि डॅप्सोन अशी पद्धत घालून दिली.

काही वर्षांनी काही रुग्णांची लक्षणे पुन्हा बळावू लागली. याची दोन कारणे संभवत होती. एक तर रुग्ण गोळ्या घेत नव्हता, नाही तर जंतू औषधाला दाद देत नव्हता. बहुतेक वेळा दोष रुग्णाच्या माथी जाई. कोणते कारण खरे हे ठरवण्याचा मार्ग माणसात नव्हता, पण उंदरात होता. मलायातील अशा रुग्णांचे जंतू पेटिट आणि रीस यांनी उंदरांच्या तळव्यात टोचले आणि उंदरांच्या खाण्यात डॅप्सोन मिसळले. काही रुग्णांचे जंतू डॅप्सोन असूनही वाढले. डॅप्सोनला जुमानत नसलेल्या जंतूंचा हा पुरावा १९६४ साली प्रसिद्ध झाला. औषध नियमित घेऊनही बरे न होणाऱ्या रुग्णांची बाजू अशा रीतीने उंदराने मांडली.

एका औषधाला जंतू सरावतो, तर एकदम दोन-तीन औषधे द्यावीत, हा धडा त्यातून मिळाला. रिफॅम्पिसिन जंतूंना किती झपाट्याने मारते हेही रुग्णांच्या बरोबरीने उंदराच्या तळव्यात तपासले गेले. डॅप्सोन, रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिन यांच्या एकत्रित उपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने १९८१ साली केली. आपला वर्धा जिल्हा हा उपचार सुरू झालेल्या देशातील पहिल्या काही जिल्ह्यांपैकी एक. त्या सुमारास भारतात दर दहा हजार लोकांमागे सुमारे ५७ कुष्ठरुग्ण होते. डिसेंबर २००५ पर्यंत ते प्रमाण एकाच्या खाली आले. रोग संपलेला नाही. देशात अजूनही दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. पण लवकर औषध मिळाले तर सहा महिने किंवा वर्षभरात ते बरे होतात आणि घर सोडून कोठे जाण्याची त्यांना गरज नसते. या यशात कार्यकर्त्यांच्या पायपिटीचा वाटा सर्वांत मोठा आहे. पण उंदराच्या तळपायाचाही वाटा आहे, तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

उंदराने जे सांगितले नाही

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. उंदीर हा लहान आकाराचा माणूस नव्हे. याचे सर्वांत दुःखद उदाहरण योगायोगाने कुष्ठरोगाशीच जोडलेले आहे.

पश्चिम जर्मनीत १९५७ साली थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध बाजारात आले. प्रचंड मात्रा देऊनही उंदीर मरत नव्हते, त्यामुळे ते अतिशय सुरक्षित समजले गेले. गर्भवती स्त्रियांनीही ते घेतले. हातपाय न वाढलेली बालके जन्मू लागली आणि १९६१ च्या अखेरीस औषध मागे घेण्यात आले. तोपर्यंत जगात सुमारे दहा हजार मुले बाधित झाली होती. विक्रीपूर्वी गाभण प्राण्यांवर ते पुरेसे तपासलेच नव्हते. नंतर तपासल्यावर दिसले की उंदीर आणि घुशींच्या पिल्लांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, सशांच्या आणि माकडांच्या पिल्लांवर होतो. म्हणजे चुकीचा प्राणी निवडला असता, तर तपासणी करूनही फसगत झाली असती.

त्यानंतर १९६४ साली जेरुसलेममध्ये याकोब शेस्किन या डॉक्टरने वेदनांनी तळमळणाऱ्या एका कुष्ठरुग्णाला झोप यावी म्हणून शिल्लक असलेले हेच औषध दिले. काही दिवसांत त्याच्या अंगावरच्या लाल, दुखऱ्या गाठी ओसरल्या. कुष्ठरोगातील या तीव्र प्रतिक्रियेवर थॅलिडोमाइड गुणकारी आहे, ही गोष्ट कोणत्याही प्राण्याने सांगितली नव्हती. एका माणसाच्या उशाशी उभ्या असलेल्या सावध डॉक्टरने ती टिपली. याच औषधाने पुढे ब्राझीलमध्ये, कुष्ठरोगासाठी ते दिले जात असताना, पुन्हा अपंग बालके जन्मली, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

उंदराची आणखी एक मर्यादा म्हणजे त्याच्यातून मिळणाऱ्या जंतूंची संख्या फार थोडी. ती अडचण आर्माडिलोने दूर केली. अंगावर हाडांचे कवच असलेला हा अमेरिकी प्राणी आपल्याकडच्या खवल्या मांजराची आठवण करून देतो, पण त्यांचे नाते नाही. त्याच्या शरीराचे तापमान ३२ ते ३५ अंश सेल्सियस असते, म्हणजे त्याचे सर्वच अंग गार. कर्कहायमर आणि एलिनॉर स्टॉर्स यांनी १९७१ साली दाखवले की त्याला कुष्ठरोग होतो, सर्वांगभर पसरतो आणि त्याच्या यकृत-प्लीहेतून विपुल जंतू मिळतात. पण आर्माडिलो उंदरासारखा बिनदुखत राहत नाही. तो आजारी पडतो आणि मरतो. बंदिवासात त्याची पैदास होत नाही, म्हणून त्याला रानातून पकडून आणावे लागते. उंदीर आणि आर्माडिलो यांना एकाच मापाने मोजता येत नाही ते यामुळे.

औषध आणि शाम्पू

एवढा इतिहास पाहिल्यावर वर्गातल्या त्या प्रश्नाकडे परत येऊ. इंग्लंडमधील रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली तीन कसोट्या सुचवल्या. प्राण्याऐवजी दुसरे काही वापरता येईल का? येत नसेल तर प्राण्यांची संख्या कमी करता येईल का? आणि जे वापरायचे त्यांच्या वेदना कमी करता येतील का? आम्ही त्यांत एक चौथा प्रश्न जोडू. मुळात हे सर्व कशासाठी चालले आहे?

हा चौथा प्रश्न विचारला की औषध आणि प्रसाधन यांतला फरक चटकन दिसतो. अमेरिकेत १९४४ साली जॉन ड्रेझ यांच्या नावाची चाचणी पुढे आली. सशाच्या एका डोळ्यात पदार्थ घालायचा आणि डोळा किती लाल होतो, सुजतो, बुबुळ किती गढुळते ते दिवसेंदिवस नोंदवायचे. अनेक वर्षे शाम्पू आणि सौंदर्यप्रसाधने अशी तपासली गेली. शाम्पूचा आणखी एक नमुना बाजारात आला नाही तर कोणाचे बोट झडत नाही की कोणाला गाव सोडावे लागत नाही. शिवाय सुरक्षित ठरलेले शेकडो घटक आधीच उपलब्ध आहेत, आणि नवे घटक तपासायला काचपात्रात वाढवलेली माणसाची कातडी आणि डोळ्याच्या पेशींचे थर वापरता येतात. भारताने २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास आणि तशा चाचण्या केलेली प्रसाधने आयात करण्यास बंदी घातली, ती योग्यच होती.

औषधांचा निर्णय असा एका वाक्यात होत नाही. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने मांडावा लागतो, आणि कालचे उत्तर आज चालेलच असे नाही. याचेही उदाहरण कुष्ठरोगच देतो. जंतू औषधाला दाद देतो की नाही हे पाहायला एके काळी कित्येक उंदीर आणि किमान सहा महिने लागत. जनुकक्रम उलगडल्यावर प्रतिकारशक्ती देणारे बदल कोणत्या जनुकांत होतात ते कळले. आता रुग्णाच्या कातडीतून घेतलेल्या नमुन्यातील ती जनुके वाचून काही दिवसांत तेच उत्तर मिळते. गंमत अशी की ज्या जंतूचा जनुकक्रम वाचला गेला तो मूळचा तमिळनाडूतील एका रुग्णाचा, आणि वाचण्याइतका साठा व्हावा म्हणून तो वाढवला होता आर्माडिलोत. म्हणजे एका प्राण्यावरील प्रयोगाने दुसऱ्या प्राण्याला एका कामातून मोकळे केले. सर्व कामांतून नव्हे. जिवंत जंतू जतन करायला आणि नवे औषध तपासायला उंदराचा तळपाय आजही लागतो. पण जे काम जनुके वाचून होते, त्यासाठी १९६४ सालचा दाखला देऊन कोणी उंदीर मागितले तर ते आज समर्थनीय ठरणार नाही.

कायदाही याच दिशेने सरकला आहे. नव्या औषधांविषयीच्या आपल्या नियमांत २०२३ साली दुरुस्ती झाली आणि मानवी पेशींवरील व संगणकावरील चाचण्यांना प्राण्यांच्या चाचण्यांबरोबरीने स्थान मिळाले.

शाळा-कॉलेजात

शिक्षकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० सालचा, म्हणजे शेपर्ड यांच्या शोधनिबंधाच्याच वर्षाचा. त्याच्या १७ व्या कलमात म्हटले आहे की पुस्तके, प्रतिकृती, चित्रफिती यांनी शिकवता येत असेल तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, आणि केवळ हाताला सराव व्हावा म्हणून ते करू नयेत. तरीही त्यानंतर कित्येक दशके आपल्या महाविद्यालयांतून बेडूक फाडले जात राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ आणि २०१४ मध्ये सूचना दिल्यावर पदवीच्या अभ्यासक्रमातून विच्छेदन मागे पडले. पन्नास मुलांनी पन्नास बेडकांत तेच तीन कप्प्यांचे हृदय पाहिले, तर ज्ञानात भर पडत नाही. उंदराच्या तळव्यातून मात्र कोणालाच माहीत नसलेले उत्तर मिळत होते. ‘हे आधीच ठाऊक आहे का?’ हीही म्हणूनच एक चांगली कसोटी आहे.

वर्गात हा विषय घेताना मुलांना बाजू वाटून वादविवाद लावण्यापेक्षा त्यांना प्रयोग मंजूर करणाऱ्या समितीत बसवावे. भारतात अशी समिती प्रत्येक प्रयोगशाळेला खरोखरच लागते. त्यांच्यापुढे चार अर्ज ठेवावेत. नवा शाम्पू, कुष्ठरोगाचे नवे औषध, जुन्या औषधाला जंतू दाद देतो का याची तपासणी आणि बेडकाचे विच्छेदन. कोणता अर्ज मंजूर, कोणता नामंजूर, कोणता दुरुस्तीसाठी परत, आणि का, हे मुलांनी लिहून काढावे. बर्गेनची स्त्री, कियानू आणि बाबा आमटे यांची हकिकत त्यांना आधी सांगावी. नाही म्हणू शकणारा आणि नाही म्हणू न शकणारा यांतला फरक एकदा उमजला, की उंदराच्या अर्जावर सही करताना मुलांचा हात थोडा थांबेल. थांबून, विचार करून मग त्यांनी सही केली किंवा नाकारली, तर दोन्ही चालेल.